तोफ काढली, पूल बसवला! अहिल्यानगरच्या संग्रहालयातला बिनतोफेचा रणगाडा नेमका कशासाठी होता?

पालेगाव, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून गाडी काढली की कल्याणच्या पुढे मुरबाड लागतं, मग माळशेज घाट, आळेफाटा आणि तोच महामार्ग तुम्हाला थेट अहिल्यानगरला नेऊन सोडतो. पावसाळ्यात या रस्त्यावर गर्दी असते ती माळशेजच्या धबधब्यांसाठी. पण रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे अहिल्यानगरमध्ये, एक जागा आहे जिथे जगभरातले जुने रणगाडे एका आवारात बघायला मिळतात. कॅव्हलरी टँक म्युझियम.

लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने फेब्रुवारी १९९४ मध्ये हे संग्रहालय सुरू केलं. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स रॉईस चिलखती गाडीपासून ते पाकिस्तानकडून जिंकून आणलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत बरंच काही इथे आहे. येणारा प्रत्येक जण पॅटनसमोर फोटो काढतो. रील बनते ती तोफेच्या लांबलचक नळीसमोर.

पण याच संग्रहालयात एक असा रणगाडा आहे, ज्याला तोफच नाही. वरचा फिरता घुमटही नाही. त्याच्या जागी आहे घडी घालून ठेवलेला एक लोखंडी पूल. त्याचं नाव व्हॅलेंटाइन ब्रिजलेयर. ब्रिजलेयर म्हणजे साध्या भाषेत पूल टाकणारा.

पहिल्यांदा बघणाऱ्याला प्रश्न पडतो, तोफ नसलेला रणगाडा युद्धात काय कामाचा? याचं उत्तर शोधत गेलं की एक वेगळाच इतिहास हाती लागतो. त्यात जुने रणगाडे मोडीत न काढता वापरायची अक्कल आहे, पुण्यातली एक प्रयोगशाळा आहे, अंबरनाथचा एक कारखाना आहे आणि कारवारजवळच्या एका गावात जन्मलेला परमवीरही आहे.

व्हॅलेंटाइन हा रणगाडा आला कुठून?

व्हॅलेंटाइन हा ब्रिटनच्या विकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीचा रणगाडा. पायदळासोबत चालायचं, समोरच्या मशीनगन गप्प करायच्या आणि सैनिकांना पुढे सरकायला आडोसा द्यायचा, हे त्याचं काम. वजन साधारण १६ ते १७ टन, वेग तासाला जेमतेम २४ किलोमीटर.

नावाच्या दोन कथा सांगितल्या जातात. एक म्हणजे त्याचा आराखडा फेब्रुवारी १९३८ मध्ये, व्हॅलेंटाइन डेच्या आसपास, ब्रिटिश युद्ध खात्याकडे गेला म्हणून हे नाव पडलं. दुसरी म्हणजे कंपनीचे दिवंगत डिझायनर सर जॉन व्हॅलेंटाइन कार्डन यांच्या मधल्या नावावरून ते आलं.

नाव कसंही पडलेलं असो, गाडी दणकट निघाली. ब्रिटन आणि कॅनडात मिळून ८ हजारांहून जास्त व्हॅलेंटाइन बनले. त्यातले ३ हजारांहून जास्त तर सोव्हिएत रशियाला पाठवले गेले.

अडचण वेगळीच होती. त्याची सुरुवातीची तोफ ४० मिलिमीटरची. १९४० मध्ये ती चालून गेली, पण जर्मन रणगाड्यांचं चिलखत जाड होत गेलं तशी ती तोकडी पडायला लागली. मोठी तोफ बसवायची तर घुमट लहान. पुढे मोठी तोफ बसवलीही, पण त्यासाठी आत माणसांची जागा कमी करावी लागली.

म्हणजे इंजिन ठणठणीत, पट्टे मजबूत, चिलखत शाबूत, फक्त तोफ कालबाह्य. अशा गाडीचं करायचं काय?

महाराष्ट्रात याचं उत्तर कुणालाही समजेल. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये प्रवासी बंद झाले तेव्हा एसटी महामंडळाने जुन्या लाल परीतल्या सीट काढल्या आणि त्यातून मालवाहतूक सुरू केली. इंजिन तेच, चाकं तीच, काम नवं. व्हॅलेंटाइनचं नेमकं तेच झालं. वरचा घुमट काढला आणि तिथे पूल बसवला.

हा पूल टाकतात कसा?

पुलाची लांबी ३४ फूट, म्हणजे १० मीटरच्या थोडी वर. एवढा लांब पूल सरळ आडवा धरून रणगाडा चालूच शकणार नाही, वळणावर अडकेल. म्हणून त्याचे दोन भाग केले आणि मध्ये बिजागरी दिली. प्रवासात दोन्ही भाग एकावर एक, मिटलेल्या वहीसारखे. याला कात्री पद्धतीचा पूल म्हणतात.

काम असं चालतं.

पहिली पायरी: रणगाडा ओढ्याच्या, कालव्याच्या किंवा खंदकाच्या काठावर येऊन थांबतो.

दुसरी पायरी: मिटलेला पूल समोरच्या बाजूने उभा उचलला जातो. त्यासाठी ताकद रणगाड्याच्या इंजिनाचीच.

तिसरी पायरी: उभा राहिलेला पूल कात्रीसारखा उघडत जातो आणि त्याचं दुसरं टोक पलीकडच्या काठावर टेकतं.

चौथी पायरी: पूल सुटा करून रणगाडा मागे हटतो. मागच्या गाड्या पुलावरून पलीकडे जातात.

पाचवी पायरी: सगळे पार झाले की ब्रिजलेयर स्वतः पुलावरून पलीकडे जातो, मागे वळतो, पूल उचलून पुन्हा पाठीवर घेतो आणि पुढच्या ओढ्याकडे निघतो.

या पाचही पायऱ्यांत मुद्द्याची गोष्ट एकच आहे. पूल टाकताना कुणालाही गाडीतून उतरावं लागत नाही. आत दोन माणसं, बाहेर चिलखत. समोरून गोळ्या येत असतील तरी काम चालू.

या पुलावरून ३० टनांपर्यंतची गाडी जाऊ शकायची. त्या काळात मित्रराष्ट्रांचा सर्वात जास्त वापरला जाणारा शर्मन रणगाडा साधारण तेवढ्याच वजनाचा. त्यामुळे हिशेब जमला. इटली, पश्चिम युरोप आणि ब्रह्मदेश या आघाड्यांवर हे पूलवाले व्हॅलेंटाइन वापरले गेले. ब्रह्मदेशात तर पावलोपावली ओढे आणि नाले, जपानी सैन्याने मागे हटताना उडवलेले पूल वेगळेच.

'अजब रणगाड्यां'ची फौज

रणगाड्याला अभियंत्यांच्या हाताखाली द्यायची ही कल्पना एकट्या व्हॅलेंटाइनपुरती नव्हती. तिच्यामागे एक रक्तरंजित धडा होता.

१९ ऑगस्ट १९४२ रोजी मित्रराष्ट्रांनी फ्रान्सच्या दिएप बंदरावर छापा टाकला. सुमारे ५ हजार कॅनेडियन आणि हजारभर ब्रिटिश सैनिक त्यात होते. सोबत चर्चिल रणगाडेही होते. पण किनाऱ्यावरचे काँक्रीटचे अडथळे उडवणं हे अभियंता सैनिकांचं काम, आणि ते उघड्यावर चालत जाऊन करायचं होतं. गोळीबारात ते अडथळ्यांपर्यंत पोहोचूच शकले नाहीत. अडथळे हटले नाहीत म्हणून रणगाडे शहरात शिरू शकले नाहीत.

यावर एका कॅनेडियन अभियंता अधिकाऱ्याने उपाय सुचवला. अभियंत्यांनाच रणगाड्यात बसवा. त्यातून चर्चिलचं 'एव्हीआरई' रूप तयार झालं. त्यात काँक्रीट फोडणारी आखूड, जाडजूड उखळी तोफ होती. सैनिक तिच्या बॉम्बला 'उडती कचराकुंडी' म्हणायचे. काही गाड्या खंदक भरायला लाकडाच्या मोळ्या वाहायच्या, काही पूल वाहायच्या.

अशा सगळ्या गाड्या एका छत्राखाली आणल्या मेजर जनरल पर्सी होबार्ट यांनी. भारताशी त्यांचं नातं जुनं. जन्म नैनितालचा, आणि लष्करी कारकिर्दीची सुरुवात बंगाल सॅपर्समध्ये. म्हणजे रणगाड्यांच्या या जादूगाराचा पिंड मुळात अभियंत्याचाच.

त्यांच्या ताफ्यातली सर्वात चमत्कारिक गाडी म्हणजे शर्मन क्रॅब. क्रॅब म्हणजे खेकडा. शर्मनच्या पुढे दोन दांड्यांवर एक आडवा रूळ बसवलेला आणि त्याला ४३ साखळ्या. रूळ गरगर फिरायचा, साखळ्या जमिनीवर आपटत जायच्या. खाली सुरुंग असेल तर तो साखळीच्या फटक्याने तिथेच फुटायचा. तुटायची फक्त साखळी, ती बदलता यायची.

याला मर्यादाही होत्या. साखळ्या फिरत असताना वेग तासाला जेमतेम २ किलोमीटर. माणूस चालतो त्याच्या निम्म्याहून कमी. धुळीचा एवढा लोट की पुढचं काही दिसायचं नाही. खोल पुरलेला सुरुंग कधी कधी तसाच राहून जायचा. तरीही सुरुंग हाताने काढण्यापेक्षा हे कितीतरी पटींनी बरं.

ते का, हे समजून घ्यायला एप्रिल १९४८ मधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर जावं लागतं.

पुढे रणगाडे नाही, पुढे माणूस: राणेंचे चार दिवस

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. जन्म २६ जून १९१८, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये भरती, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर. बॉम्बे सॅपर्सचं घर म्हणजे पुण्याजवळची खडकी. १९४८ मध्ये राणे या दलाच्या ३७ असॉल्ट फील्ड कंपनीत होते.

काश्मीरचं युद्ध चालू होतं. राजौरी शत्रूच्या ताब्यात होती आणि तिथल्या नागरिकांचे हाल चालले होते. लवकरात लवकर तिथे पोहोचायचं होतं. भारतीय सैन्याकडे स्टुअर्ट रणगाडे होते, दुसऱ्या महायुद्धातलेच, हलके आणि चपळ. पण नौशेराहून राजौरीकडे जाणारा डोंगरी रस्ता शत्रूने जागोजागी बंद केला होता. कुठे सुरुंग, कुठे आडवी पाडलेली पाइनची झाडं, कुठे उडवलेली मोरी.

८ एप्रिलला सकाळी ११ च्या सुमारास राणेंची तुकडी रणगाड्यांजवळ काम सुरू करायच्या तयारीत होती, तेवढ्यात उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जण ठार झाले, पाच जखमी. जखमींमध्ये स्वतः राणे होते. ते मागे गेले नाहीत. उरलेल्यांना एकत्र करून त्यांनी काम सुरू केलं.

त्याच दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास बरवालीची टेकडी हाती आली. लगेच राणेंनी रणगाड्यांसाठी वळणरस्ता बनवायला घेतला. रात्री १० वाजेपर्यंत काम चाललं, तेही शत्रूच्या नजरेसमोर, मशीनगनच्या माऱ्यात. दुसऱ्या दिवशी पहाटे ६ ला पुन्हा सुरुवात. तो वळणरस्ता तयार झाला दुपारी ३ वाजता.

हिशेब करा. एका वळणरस्त्यासाठी दोन दिवसांत मिळून १४ तासांच्या वर.

मग ताफा निघाला. अर्धा मैल गेल्यावर आडवी झाडं. राणे उतरले, स्फोटकं लावली, झाडं उडवली. आणखी ३०० यार्डांवर पुन्हा तेच. पुढे उडवलेली मोरी. पुन्हा उतरायचं, पुन्हा मशीनगन, पुन्हा वळणरस्ता. अंधार पडता पडता पाच मोठ्या झाडांचा अडथळा आला, भोवती सुरुंग पेरलेले.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला काम सुरू झालं ते रात्री ९ पर्यंत, विश्रांती नाही, जेवण नाही. त्या दिवशी दुपारी रणगाडे चिंगसला पोहोचले. ११ तारखेला मागच्या गाड्यांसाठीही चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा झाला आणि राणे रात्री १० पर्यंत पुढचा रस्ता करत राहिले. १२ एप्रिलला भारतीय सैन्य राजौरीत होतं.

रामा राघोबा राणेंना परमवीर चक्र मिळालं. हा सन्मान हयातीत मिळालेल्या मोजक्या वीरांपैकी ते एक. ११ जुलै १९९४ रोजी त्यांचं निधन झालं. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव देण्यात आलं.

आता त्या चार दिवसांतली कामं पुन्हा वाचा. सुरुंग काढणं, अडथळे उडवणं, मोडलेली मोरी पार करणं. क्रॅब, एव्हीआरई आणि ब्रिजलेयर या तीन गाड्या नेमक्या याच तीन कामांसाठी बनल्या होत्या. राणेंच्या रस्त्यावर ही तिन्ही कामं माणसांनी केली, चिलखताच्या बाहेर उभं राहून.

याचा अर्थ तिथे ब्रिजलेयर असता तर सगळं सोपं झालं असतं, असा नाही. सापासारखा वळत जाणारा अरुंद डोंगरी रस्ता, कडेला उतार. अशा जागी मोठी गाडी वळवणंच अवघड आणि १० मीटरचा पूल प्रत्येक खड्ड्याला पुरत नाही. पण बिनतोफेच्या रणगाड्याची किंमत काय, हे या चार दिवसांवरून कळतं. तो शत्रूला मारत नाही. तो आपल्या माणसाला गाडीतून उतरायला लावत नाही.

युद्ध संपलं, रणगाडे उरले

१९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा जगात रणगाड्यांचा ढीग लागला होता. एकट्या शर्मनचीच संख्या ४९ हजारांच्या घरात. एवढ्या गाड्यांचं करायचं काय?

काही वितळवल्या गेल्या. काही मित्रदेशांना दिल्या गेल्या. काहींनी तर शेतीही केली. ब्रिटिशांनी टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, भुईमुगाच्या शेतीची प्रचंड योजना आखली. त्यासाठी विकर्सने शर्मनचे भाग वापरून ट्रॅक्टर बनवले. नाव ठेवलं शर्विक. योजना सपशेल फसली, पण रणगाड्याने शेंगांसाठी जमीन नांगरली ही नोंद इतिहासात राहिली.

भारताच्या वाट्यालाही युद्धकाळातले रणगाडे आले आणि ते वर्षानुवर्षं वापरले गेले. १९६५ च्या असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट शर्मन घेऊनच पॅटन रणगाड्यांसमोर उभी राहिली होती. म्हणजे वीस वर्षं जुनी गाडी, समोर नवा शत्रू.

जुन्या रणगाड्याला अभियंत्यांकडे देण्यामागे सगळ्याच देशांचा हिशेब साधारण सारखा होता.

एक, तोफ आधी म्हातारी होते, इंजिन नंतर. समोरच्याचं चिलखत जाड झालं की तोफ निकामी ठरते. पण पूल वाहून न्यायला किंवा माती ढकलायला शत्रूच्या चिलखताशी काही देणंघेणं नाही.

दोन, पैसा. रणगाड्यातला मोठा खर्च सांगाडा, इंजिन आणि पट्ट्यांचा. तो आधीच झालेला असतो.

तीन, सुट्टे भाग आणि माणसं. ज्या गाडीचे मेकॅनिक, चालक आणि सुट्टे भाग आधीच फौजेत आहेत, तीच गाडी नव्या कामाला लावणं सोपं.

ब्रिटनने हे सूत्र किती ताणलं बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तयार झालेला सेंच्युरियन रणगाडा साठच्या दशकात अभियंत्यांकडे आला. त्याला १६५ मिलिमीटरची, भिंती आणि अडथळे फोडणारी तोफ बसवली. हाच सेंच्युरियन एव्हीआरई १९९१ च्या आखाती युद्धात ब्रिटिश फौजेसोबत होता. लढणारा सेंच्युरियन तोवर ब्रिटिश सैन्यातून कधीच निवृत्त झालेला, पण कामकरी सेंच्युरियन कामावर.

मग व्हॅलेंटाइन संग्रहालयात का गेला?

कारण वजन. पूल किती चांगला, हे त्यावरून जाणारी सर्वात जड गाडी ठरवते.

व्हॅलेंटाइनचा पूल ३० टनांचा. शर्मनला तो पुरला. पण पन्नाशीच्या दशकात भारताकडे सेंच्युरियन आले, ज्यांचं वजन ५० टनांच्या आसपास. ते या पुलावर घालणं म्हणजे पूल आणि रणगाडा दोन्ही ओढ्यात. पुढे आलेला टी-७२ चाळीस टनांच्या वर, आणि स्वदेशी अर्जुन तर साठ टनांच्या आसपास.

मग पूल जड केला तर? जड पूल उचलायला जड सांगाडा लागतो. १७ टनांचा व्हॅलेंटाइन तो पेलणार नाही. म्हणून रणगाड्यांची प्रत्येक पिढी जड झाली की पूल टाकणारी गाडीही बदलावी लागते.

खडकीपासून दिघीपर्यंत: हे काम आता पुण्यात होतं

ही बदलत जाणारी साखळी भारतात पुढे नेली ती 'डीआरडीओ'ने. पुण्यातल्या दिघीला त्यांची 'आर अँड डीई (इंजिनिअर्स)' ही प्रयोगशाळा आहे. लष्करी पूल हा तिचा हातखंडा विषय. बॉम्बे सॅपर्सच्या खडकीपासून दिघी हाकेच्या अंतरावर.

भारताने परवान्यावर आवडीच्या कारखान्यात बनवलेला पहिला रणगाडा म्हणजे विजयंता. मूळ आराखडा विकर्सचा, म्हणजे व्हॅलेंटाइनच्याच कंपनीचा. या विजयंताच्या सांगाड्यावर पुढे पूल बसवला गेला आणि तयार झाला 'कार्तिक'. सूत्र जुनंच: घुमट उतरवा, पूल चढवा. नंतर टी-७२ च्या सांगाड्यावरचा ब्रिजलेयर आला. त्याचा पूल सुमारे २० मीटरचा, व्हॅलेंटाइनच्या जवळपास दुप्पट.

पण सगळीकडे चिलखत लागतंच असं नाही. जिथे थेट गोळीबाराचा धोका कमी आहे, तिथे ट्रकवरचा पूल स्वस्त आणि वेगवान पडतो. दिघीच्या 'सर्वत्र' या प्रणालीत १५ मीटरचे पाच पूल एकमेकांना जोडून ७५ मीटरचं अंतर पार करता येतं. जुलै २०२१ मध्ये लष्करात दाखल झालेली 'शॉर्ट स्पॅन ब्रिजिंग सिस्टिम' साडेनऊ मीटरपर्यंतच्या खड्ड्यासाठी आहे. पहिल्या खेपेला अशा १२ गाड्या आल्या, तेव्हाचे लष्करप्रमुख होते पुण्यात जन्मलेले जनरल मनोज नरवणे.

साडेनऊ मीटर, म्हणजे जवळपास व्हॅलेंटाइनच्या पुलाएवढंच अंतर. सगळी प्रगती होऊनही तेवढ्या लांबीच्या पुलाची गरज संपलेली नाही. कारण तेवढ्या रुंदीचे ओढे, नाले आणि कालवे वाटेत येतातच.

सुरुंगांचंही तसंच. साखळ्यांच्या जागी आता रणगाड्यांपुढे जड रूळ आणि नांगर लावले जातात. नांगर म्हणजे अक्षरशः नांगर, जो सुरुंग उकरून बाजूला सारतो. पण माणसाचं काम पूर्ण संपलेलं नाही. डिसेंबर १९७१ मध्ये बसंतर नदीच्या लढाईत सुरुंगांचे पट्टे पार करायचे होते. ९ इंजिनिअर रेजिमेंटचे मेजर विजय रतन चौधरी यांनी माऱ्याखाली ते काम करून घेतलं आणि त्यात त्यांना वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. याच लढाईत पूना हॉर्सच्या रणगाड्यांनी सुरुंगांचा रस्ता पूर्ण साफ व्हायची वाट न पाहता मुसंडी मारली होती. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना परमवीर चक्र मिळालं ते याच लढाईसाठी.

आणि अंबरनाथ?

रणगाडे म्हटलं की लोकांना राजस्थानचं वाळवंट किंवा पंजाबची शेतं आठवतात. अंबरनाथ कुणाला आठवत नाही. पण अंबरनाथमधली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आज ज्या सरकारी कंपनीचा भाग आहे, तिचं नाव आहे आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना होऊन सात कंपन्या झाल्या, तेव्हा रणगाडे आणि चिलखती गाड्यांचे पाच कारखाने या कंपनीकडे आले. आवडीचे दोन, मेडक, जबलपूर आणि पाचवा अंबरनाथचा.

शेजारच्या उल्हासनगरचा जन्मही युद्धकाळातल्याच एका उरलेल्या गोष्टीतून झालाय. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेला कल्याण कॅम्प युद्ध संपल्यावर रिकामा होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्याच बराकींमध्ये राहायला आली आणि १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. आजही लोक पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असंच सांगतात. युद्धासाठी बनलेली गोष्ट दुसऱ्या कामाला लावणं या भागाला नवीन नाही.

पुढच्या वेळी गेलात तर

अहिल्यानगरला गेलात तर पॅटनसमोर फोटो काढाच, तो आपल्या जवानांनी जिंकून आणलाय. पण तिथून निघण्याआधी व्हॅलेंटाइनसमोर दोन मिनिटं थांबा. त्याच्या बिजागरीकडे बघा आणि पुलाची घडी कुठून उघडते ते शोधा.

त्या गाडीच्या नावावर एकही फुटलेला रणगाडा नसेल. तिचं काम मोजायचं ते वेगळ्या हिशेबाने, जी माणसं उघड्यावर न उतरता पलीकडच्या काठावर पोहोचली त्यांच्या संख्येने. आणि ज्यांच्याकडे अशी गाडी नव्हती, त्यांनी काय केलं हे नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावर एका सॅपरने चार दिवसांत दाखवून दिलंच आहे.